तो जहाज, ते जहाज

खोकं इतकं लांब होतं की कुरिअरवाल्याला आत ट्यूबलाइट आहे असं वाटलं. त्यानं ते दोन्ही हातांवर, तान्हं बाळ द्यावं तसं माझ्याकडे दिलं. गणपतीच्या आधीचा आठवडा, माझ्या मशीनवर अकरा ब्लाउज पडून होते. मी खोकं दिवाणावर ठेवलं आणि पाहत बसले. झाकणावर खवळलेला समुद्र, त्यात एक राखाडी जहाज, जहाजावर तोफाच तोफा. कडेनं जपानी अक्षरं. ती मी उलटी धरून वाचली असती तरी काही बिघडलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धातलं जपानचं लढाऊ जहाज. प्लास्टिकचं, हजारभर तुकड्यांत, आपलं आपण जोडायचं. माझा दीर उमेंद्र पुण्याहून पाठवतोय हे मला माहीत होतं. एवढं मोठं पाठवेल हे माहीत नव्हतं.

हे सगळं माझ्या सासऱ्यांसाठी. बाबूजींचं नाव छोटेलाल. वय एकोणनव्वद. चाळीस वर्षं आमगावच्या राइस मिलांमध्ये मिस्त्री होते. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांच्या डोक्यातल्या गोष्टी जागा बदलू लागल्या. एकदा गॅस उघडा ठेवून अंगणात जाऊन बसले. एकदा कानस-पान्ह्याची पिशवी घेऊन ऑटोनं थेट आमगावला गेले आणि पंधरा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मिलच्या फाटकासमोर उभे राहिले. कुलूप कोणी लावलं म्हणून तिथल्या पानठेलेवाल्याशी भांडले.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, हाताला आणि डोक्याला काम द्या. म्हणून उमेंद्रनं फोनवर विचारलं, "बाबूजी, काय पाठवू तुम्हाला?" बाबूजींनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, "जपानवाल्याचा जहाज पाठव."

उमेंद्रला बरं वाटलं. इतकं नेमकं मागणारा माणूस अजून शाबूत आहे, असं त्याला वाटलं असणार. पण त्याच फोनवर तो मला हेही म्हणाला, "वहिनी, दिवाळीपर्यंत बघू. सुधारले नाहीत तर मी त्यांना घेऊन जातो. चेतनानं इथं एक जागा बघितली आहे, दिवसभर नर्स असते. तुम्ही दोघांनी खूप केलं."

'खूप केलं' हे शब्द मला जाऊबाईंनी, म्हणजे चेतनानं, परत केलेल्या डब्यासारखे वाटले, घासून पुसून रिकामे. सव्वीस वर्षं या फुलचूरच्या घरात मी बाबूजींबरोबर राहते आहे. सासूबाई गेल्यापासून दुपारचा चहा आम्ही दोघं समोरासमोर पितो आणि बहुतेक वेळ काहीच बोलत नाही. ती सवय पुण्यात कोण लावून घेणार? बाबूजींनी तर एका वाक्यात विषय संपवला होता. "मी कोठी जाऊन नाही राहिलो. रेलगाडीत माही कंबर मोडते."

तर जहाज जोडायचं, आणि नीट जोडायचं, एवढं आमच्या हातात होतं.

खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि चिंचेच्या झाडाला चिंचा लटकाव्यात तसे त्यांना तुकडे लटकलेले. प्रत्येकाला आकडा. सोबतच्या जोडणीच्या नकाशातलं अक्षर मला वाचता येत नव्हतं, पण चित्रं समजत होती. शिवणकाम मी असंच शिकले, जुना ब्लाउज उसवून, कुठला तुकडा कुठं बसतो ते पाहून. बाही, पाठ, गळपट्टी. इथं तोफ, डोलकाठी, धुराडं. मी आकडा शोधायची, नेलकटरनं तुकडा कापायची. बाबूजी भिंग लावून कानशीनं त्याची कड घासायचे आणि ट्यूबमधला डिंक सुईच्या टोकानं लावायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी जहाजाचा लांबच लांब खालचा भाग हातात घेतला, खालून हात फिरवला.

"हे पोट हाये?"

"हो बाबूजी, पोट."

"पोट तं बरोबर हाये. पंख कोठी हायेत?"

मला वाटलं गंमत करताहेत. बाबूजींची गंमत अशीच असते, चेहरा न हलवता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकं विचारली.

"बाबूजी, हे पाण्यात चालते."

"पाण्यात?" त्यांनी माझ्याकडे भिंगातूनच पाहिलं. एक डोळा वाटीएवढा. "पाण्यात घातला तं बुडन ना व."

मी चौकटी पुन्हा पाहिल्या. मग, खोटं कशाला सांगू, झाकणावरचं चित्रही पुन्हा पाहिलं, कुठं एखादं चाक दिसतं का म्हणून. माणूस ठामपणे विचारत राहिला की आपलंच चुकतंय असं वाटायला लागतं.

दर रविवारी उमेंद्रचा व्हिडिओ कॉल यायचा. मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची.

"बाबूजी, कसं चाललंय जहाज?"

"जहाज अजून आला नाही," बाबूजी म्हणाले.

"म्हणजे? समोर काय आहे मग?"

"हा डोंगा हाये."

आमच्याकडे डोंगा म्हणजे नाव, वैनगंगेत माणसं, सायकली, बकऱ्या पलीकडं नेणारी. उमेंद्रच्या मागे पुण्याची पांढरी भिंत होती आणि त्या भिंतीपुढे त्याचा चेहरा फार थकलेला दिसला.

"मोठा डोंगा हाये," बाबूजींनी समजूत घातली. "बंदुका गिंदुका लावल्या हायेत. चांगला हाये. पण तू जहाज म्हनला होता."

कॉल संपल्यावर उमेंद्रचा मला वेगळा फोन. "वहिनी, जहाज समोर ठेवूनही ते ओळखत नाहीयेत. मी डॉक्टरांसाठी लिहून ठेवतोय. पंख, चाकं, आणि मागच्या वेळी पायलट कुठं बसतो ते विचारलं. आता डोंगा."

"हात चांगले चालतात त्यांचे," मी म्हटलं.

"हात चालतात हो. पण कशासाठी चालतायत ते त्यांना ठाऊक नाही."

माझाच गोंधळ होता. हातानं बाबूजी तीन नळ्यांची तोफ अशी बसवायचे की बोटानं ढकलली तर ती फिरायची, आणि तोंडानं विचारायचे, हा उडल कसा. हात शहाणे आणि तोंड वेडं, असं एकाच माणसात कसं असू शकतं? मी माझ्या नवऱ्याला, इंद्रकुमारला विचारलं. त्यांचं आमगाव रोडवर खतं-बियाण्यांचं दुकान आहे. धानाचा हंगाम ऐन भरात होता आणि ते घरी फक्त जेवायला आणि झोपायला येत होते.

"म्हातारे झाले," ते म्हणाले. "भाजीत मीठ कमी हाये."

कोजागिरी झाली, त्याच्या दोन दिवसांनी आम्ही जहाजाच्या शेपटाकडे पोचलो. तिथल्या पानावर एक छोटी चौकट होती. तुकडे इतके बारीक की मी भुवया कोरायचा चिमटा आणला. बाबूजींनी चिमट्यानं एक तुकडा धरला, दुसरा त्याला आडवा लावला, त्याच्यावर तिसरा. मी पुढचा आकडा शोधत होते.

"बहू."

"काय बाबूजी?"

"आला."

"काय आला?"

"जहाज."

त्यांच्या तळहातावर अंगठ्याच्या पेराएवढं एक विमान होतं. वर एक पंखांची जोडी, खाली एक. पुढं पंखा. नंतर उमेंद्रच्या मोबाइलवरून कळलं की त्या काळच्या मोठ्या लढाऊ जहाजांवर अशी विमानं ठेवायचे, दूरवर टेहळणीला पाठवायला.

"पाहा," बाबूजी म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी म्हनून राहिलो ना तुले. डोंग्याच्या मांगं लपवून ठेवला होता." मग त्यांनी भिंग जवळ नेलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. "पण याले चाकाच्या जाग्यावर डोंगे लावले. दोन लहान, एक मोठा. जपानवाला पागल होता का?"

ते पाण्यावर उतरणारं विमान होतं. पण ते मला तेव्हा समजलं नाही, कारण मी 'जहाज' या शब्दापाशीच अडकले होते. माझं माहेर हिंगणघाट. आमच्याकडे विमानाला विमान म्हणतात. फुलचूरवरून दिवसाकाठी शिकाऊ पायलटांची चार-सहा विमानं घरघरत जातात, त्यांनाही आता शेजारपाजारचे विमान नाहीतर प्लेन म्हणतात. बाबूजी मात्र बिरसीजवळच्या खेड्यात वाढले.

संध्याकाळी नवरा जेवायला बसला तेव्हा मी विचारलं, "अजी, तुमच्या गावाकडं विमानाले काय म्हणत होते?"

"जहाज."

"हवाई जहाज?"

"हवाई कायले? नुसता जहाज. जहाज आला, जहाज गेला. लहानपणी आम्ही बी म्हणत होतो."

"मग दोन महिन्यांपासून बोलले काऊन नाही?"

"मले कोणी विचारलं?" त्यांनी खरंच आश्चर्यानं विचारलं आणि वरण ओढून घेतलं.

मी तशीच पोळी हातात घेऊन बसले. बाबूजी पहिल्या दिवसापासून 'तो जहाज' म्हणत होते, जहाज आला, जहाज उडल. उमेंद्र म्हणत होता 'ते जहाज'. एवढं सरळ दिसत होतं. दोन कापडांचा पोत वेगळा आहे हे डोळे मिटून बोटांना कळतं मला, आणि इथं कानाला कळलं नाही. उमेंद्रही याच घरातला. तोही कधीतरी अंगणात मान वर करून 'जहाज आला' म्हणाला असेल. पण वीस वर्षं पुण्यात राहिला आणि त्याचा जहाज पाण्यात उतरला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी बाबूजींना नीट विचारलं, कोणता जहाज, कधी पाहिला. त्यांनी सांगितलं. ते सात-आठ वर्षांचे असताना बिरसीला इंग्रजांनी धावपट्टी केली होती. गावात अफवा होती, जपानवाला येणार. त्यामुळे कोणतंही विमान दिसलं की माणसं 'जपानवाल्याचा जहाज आला' म्हणत नाल्यात जाऊन पडायची. एकदा बाबूजी म्हशींजवळ होते, पळाले नाहीत. विमान धावपट्टीवरून उठलं आणि थेट डोक्यावरून गेलं.

"अन् त्यानं चाक पोटात घेतले," बाबूजी म्हणाले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी मनगटं आत वळवली. "असे. मी घरी येऊन सांगतलं. माह्या बापानं दोन ठेवून देल्ल्या. म्हणे, जहाज का कासव हाये, पाय आत घ्याले? मंग गावात सगळे मले कासव म्हणत."

"नंतर कळलं असेल ना सगळ्यांना?"

"नंतर कळून काय फायदा? बाप मेला तवा." त्यांनी चहा बशीत ओतला. "मी मिलमंधी सगळे लिव्हर पाहिले. पण त्या चाकाची कडी कोठून मुडपते, ते नाही पाहिलं. म्हनून उमेंद्रले म्हनलं, पाठव."

मला हे उमेंद्रला फोनवर सांगायचं नव्हतं. दिवाळी त्यानं चेतनाच्या माहेरी केली आणि नोव्हेंबरच्या शेवटी तो एकटाच आला, महाराष्ट्र एक्स्प्रेसची चार डिसेंबरची दोन तिकिटं घेऊन. एक त्याचं, एक बाबूजींचं. मी त्याच्यासमोर टेबलावर ते पूर्ण झालेलं जहाज ठेवलं, सव्वादोन फूट लांब, एक नळी वाकडी नाही, आणि सगळं सांगितलं. तो, ते, डोंगा, कासव.

उमेंद्र आधी हसला. मग चष्मा काढून डोळे पुसले, हसल्यानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

"मी विसरलोच होतो," तो म्हणाला. "आम्ही गच्चीवरून ओरडायचो, जहाज, पैसे टाक."

"मग? ते वेडे नव्हते. तुम्ही आम्ही होतो."

त्यानं चष्मा परत लावला. "वहिनी, एक शब्द उलगडला. आमगावची मिल? गॅस? काल स्टेशनवरून आलो तर मला म्हणाले, ये नंदलाल, बेल्ट आणला का?"

नंदलाल बाबूजींचा मिलमधला जोडीदार. जाऊन बारा वर्षं झाली. मी नंदलालसाठीही कुठून एखादा दुसरा अर्थ शोधून आणणार होते का? उमेंद्रचं बरोबर होतं. बाबूजींचंही बरोबर होतं. फक्त माझं काय बरोबर होतं ते मला समजेना.

उमेंद्र आतल्या खोलीत गेला. मी चहा घेऊन मागोमाग. बाबूजी खाटेवर बसून कानशीचे दात तारेच्या ब्रशनं साफ करत होते.

"बाबूजी, पुण्याला चला माझ्यासोबत."

"नाही."

"डॉक्टर चांगले आहेत तिकडे."

"डॉक्टर चांगले असू दे. रेलगाडीत माही कंबर मोडते."

उमेंद्र खाटेच्या कडेवर बसला. मग म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला, वीस वर्षं मागचा झाला, "बाबूजी, जहाजानं जाऊ."

ब्रश थांबला. "कोणत्या?"

"उडणाऱ्या. नागपूरवरून."

"चाक पोटात घेते तो?"

"घेते."

"दिसते?"

"आतून दिसत नाही. पण आवाज येते."

बाबूजींनी कानस खाली ठेवली. मिलमध्ये त्यांना यंत्र उघडून दाखवावं लागत नसे. दारात उभं राहून ऐकायचे आणि सांगायचे, तिसऱ्या नंबरची बेअरिंग गेली. पाहणं त्यांना फार मोठी गोष्ट वाटत नसे.

"आवाज येते?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"येते. धड्‌ करून."

"मंग चाल."

मी चहाचे कप हातात घेऊन उभी. किल्ली मीच शोधली होती, घासून पुसून मीच उमेंद्रच्या हातात दिली, आणि त्यानं कुलूप उघडलं. राग यायला हवा होता. पण बाबूजींचा चेहरा मी पाहत होते, आणि त्या चेहऱ्यावर रागावणं शक्य नव्हतं. मग मी कोणावर रागावू? चहा थंड झाला म्हणून स्वतःवर रागावले.

"पंधरा दिवस, वहिनी," उमेंद्र बाहेर येऊन म्हणाला. "तपासण्या होतील. मग बघू."

"पंधरा दिवस मला समजलं," मी म्हटलं. "'मग बघू' समजलं नाही. परतीचं तिकीट काढा. इथं बसून, माझ्यासमोर."

"वहिनी."

"भाऊजी, तुम्ही त्यांचा मुलगा आहात, मी नाही म्हणत नाही. पण जाणाऱ्या माणसाला येण्याचीही वाट माहीत पाहिजे."

त्यानं रेल्वेची तिकिटं रद्द केली आणि विमानाची काढली. जाण्याचं चार तारखेचं, येण्याचं एकोणीस तारखेचं. मी परतीचं तिकीट चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं आणि बाबूजींच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून वरून सेफ्टी पिन लावली. त्यांना तीनदा सांगितलं, कोणालाही द्यायचं नाही. "तू मले लहान समजते का?" ते म्हणाले. मग विचारलं, "काय देऊ नको म्हनली?"

चार तारखेला ते गेले. पाच तारखेला घर इतकं शांत होतं की मी मशीन उगाच चालवत होते. सहा तारखेला दुपारी फोन वाजला. चेतनाचा नंबर.

"हॅलो, कोण? सुशिलाबाई का?"

बाबूजींचा आवाज. मी, "नाही बाबूजी, मी," एवढं म्हणेपर्यंत ते पुढे बोलले, मोठ्यानं, पूर्वी ट्रंक कॉलवर बोलायचे तसे. "सुशिलाबाई, जरा आमच्या बहूले आवाज देता का? मी पुण्यावरून बोलून राहिलो. होल्ड करतो."

सुशिलाबाई आमच्या शेजारीण. माझं लग्न झालं तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. त्यांच्याकडे होता आणि आमचे सगळे निरोप तिथं यायचे. त्या फाटकातून आवाज द्यायच्या, मी हात पुसत पळायची. आता त्या मुलाकडे असतात, घराला कुलूप आहे. चार वर्षं तरी झाली असतील.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिकडे ते होल्ड करून थांबले होते. मोबाइल मशीनवर ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि फाटकापर्यंत गेले. तिथं थोडी उभी राहिले. आमच्या फाटकापासून सुशिलाबाईंच्या फाटकापर्यंत जायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. मग चपला फरफटत परत आले, थोडी धाप लागल्यासारखा श्वास घेतला. तो काही खोटा नव्हता.

"हां बाबूजी, बोला."

"किती वेळ लागते व तुले?"

"ब्लाउज होता हातात."

"आइक. घेतले. पोटात घेतले त्यानं चाक. पहिले कुरकुर झाली, मंग धड्‌. उजव्या बाजूच्या कडीले ग्रीस कमी हाये. मी त्या पोरीले सांगतलं, पाणी देत होती तिले. ती म्हने, ओके अंकल."

"बरं केलं सांगितलं ते."

"उतरतानी डावी बाजू आइकायची राहिली. झोप लागली. येतानी आइकतो."

मी मशीनपुढच्या स्टुलावर बसले.

"उमेंद्र म्हने, तो कागद मले द्या, मी ठेवतो. मी नाही देल्लो."

"चांगलं केलं बाबूजी."

"एकोणीसले हाये ना?"

"हो. एकोणीसले."

"मंग ठेव आता. सुशिलाबाईची लाइन अडकून राहिली. त्याईले कोणाचा फोन येत असन. अन् सांगजो त्याईले, तकलीफ झाली म्हना."

"सांगीन," मी म्हटलं.